मुंबईतल्या छोट्या हॉटेलात डिमसम: टेबल धरण्यापासून पार्सलपर्यंत

डिमसम म्हणजे सारण भरलेले, बहुधा बास्केटमध्ये वाफवलेले छोटे चिनी पदार्थ, आणि त्यांचं सगळं गणित वेळेवर चालतं. वाफेच्या बास्केटचं झाकण निघालं की पुढची चार-पाच मिनिटं तो पदार्थ अगदी जसा हवा तसा असतो. त्यानंतर पारी वातड होऊ लागते, खालच्या कागदाला चिकटते आणि सारणातली चरबी थिजते. मोठ्या पंचतारांकित जागी हे सांभाळायला पुरेशी माणसं असतात. आठ-दहा टेबलांच्या, दाराशी वेटिंगची वही ठेवलेल्या छोट्या हॉटेलात त्यातलं बरंच खाणाऱ्यालाच सांभाळावं लागतं. केव्हा जायचं, कुठे बसायचं, किती बास्केट आणि कोणत्या क्रमाने मागवायच्या, हे ठरवून गेलात तर बांद्रा, अंधेरी, कुलाबा किंवा फोर्टातल्या साध्याशा जागीही उत्तम डिमसम मिळतं.

केव्हा जायचं, कुठे बसायचं

डिमसम हा मुळात दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताचा आणि हाँगकाँगचा पदार्थ. तिकडे तो सकाळपासून दुपारपर्यंत, चहाबरोबर, गप्पा मारत खातात. मुंबईत त्याला संध्याकाळचं स्टार्टर करून टाकलंय, तरी दुपारची वेळच जास्त चांगली. छोट्या स्वयंपाकघरात पाऱ्या लाटून सारण भरण्याचं काम बहुधा सकाळीच उरकतात, त्यामुळे दुपारचा माल ताजा असतो.

हॉटेल बाराला उघडत असेल तर साडेबारा-पाऊणच्या सुमारास पोचा. दार उघडता उघडता गेलं तर स्टीमरमध्ये पुरेशी वाफ धरलेली नसते, आणि कमी वाफेवर पारी शिजते पण कच्ची लागते. रविवारी दीड ते अडीच ही सगळ्यात वाईट वेळ: स्वयंपाकघरावर ताण, वेटिंग लांब, आणि मागे रांग असल्यामुळे बास्केट एकदम आणून टाकायचा कल. बऱ्याच जागा दुपारी तीन-साडेतीनला बंद होऊन सातला उघडतात. निघण्याआधी फोन करून "लास्ट ऑर्डर किती वाजता?" एवढं विचारून घ्या.

निवड असेल तर एसीच्या झोताखालचं किंवा पंख्याखालचं टेबल घेऊ नका. हे किरकोळ वाटेल, पण थंड कोरडी हवा थेट लागली की स्टार्चची पारी दोन मिनिटांत कडेने सुकते. दुसरी जागा नसेल तर झाकण बास्केटवरच ठेवा, एक तुकडा घ्या, परत झाका. फोटो काढायचा असेल तर एका बास्केटचा काढा, बाकीच्यांची झाकणं राहू द्या.

जागा चांगली आहे का, हे बसण्याआधीही कळतं. काउंटरमागे वाफेचे थर सतत चालू दिसले, मेन्यूत डिमसमचे दहा-पंधरा प्रकार असले, तर बहुतेक तिथे ते हातानेच भरत असतील. एवढ्याशा स्वयंपाकघराने चाळीस प्रकार लिहिले असतील तर त्यातले बरेचसे फ्रोझन असणार. फ्रोझन वाईटच असं नाही. पण सगळ्या तुकड्यांच्या चुण्या हुबेहूब एकसारख्या आणि सगळी सारणं सारखीच बारीक वाटलेली असतील, तर चार प्रकार मागवून चव एकच मिळेल.

मेन्यूवर काय काय असतं

सुरुवात हार गावपासून. आत कोलंबी, बाहेर अर्धपारदर्शक पारी. ही पारी मैद्याची नसते. गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन धुऊन काढल्यावर जो स्टार्च उरतो तो, आणि त्यात थोडा टॅपिओकाचा (साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचा) स्टार्च, यावर उकळतं पाणी ओतून उकड काढतात. ज्याने घरी उकडीचे मोदक वळले आहेत त्याला इथली प्रत्येक चूक ओळखता येईल: पाणी पुरेसं उकळलेलं नसेल तर पारी चिरते, उकड नीट मळली नसेल तर गाठी राहतात, गार झाल्यावर वळली तर चुण्या मिटत नाहीत. चांगल्या हार गावला एका बाजूला सात ते दहा, कधी त्याहून जास्त चुण्या असतात आणि आतल्या कोलंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो. चावल्यावर कोलंबी कट्कन तुटली पाहिजे. त्यासाठी ती सोडा किंवा मीठ चोळून गार पाण्यात धुतात आणि पूर्ण कोरडी करतात. हे न करता वापरलेली कोलंबी मऊ, पिठूळ लागते. कुठल्याही नव्या जागी पहिली बास्केट हार गावची मागवावी, कारण त्यात झाकायला काही नसतं. ते जमलेलं असेल तर बाकीच्या प्रकारांवर विश्वास टाकायला हरकत नाही.

सिउ माय, आपल्याकडे मेन्यूवर शुमाई किंवा सुई माई, वरून उघडं असतं. पातळ पिवळसर पारी, आत मूळ पद्धतीत पोर्क आणि कोलंबी. मुंबईत बहुधा चिकन. सारण भरड चिरलेलं हवं. वरचा भाग ओलसर, फुगलेला दिसायला हवा. खळगा पडून कडा कडक झाल्या असतील तर ती बास्केट स्टीमरवर फार वेळ पडून होती.

बाव म्हणजे वाफवलेला पांढरा पाव. त्यातला "चार सिउ" बाव हा गोडसर भाजलेल्या पोर्कचा. इथे चिकन आणि मशरूमचाही मिळतो. त्याचा माथा तीन-चार पाकळ्यांत उमललेला असतो. ती चीर हा दोष नाही, पिठातला बेकिंग पावडरचा जोर आणि कमी ग्लुटेनचा मैदा यामुळे ती पडते, आणि पडायलाच हवी. पावावर पिवळे ठिपके दिसले किंवा सोड्याचा वास आला तर पावडर नीट मिसळलेली नाही. वरची साल ओली, पारदर्शक झाली असेल तर झाकणावरचं पाणी त्यावर गळलंय. बांबूचं झाकण वाफ शोषून घेतं, स्टीलचं पाणी टपकवतं. बांबूच्या बास्केटचा खरा उपयोग हाच आहे.

च्याँग फन म्हणजे तांदळाच्या पातळ पापुद्र्यात सारण गुंडाळून वरून गोडसर सोया ओतलेला रोल. सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात लवकर बिघडणारा. हा टेबलावर आला की बाकी सगळं थांबवून आधी संपवावा.

सूप डंपलिंग, म्हणजे आत गरम रस असलेली पोटली, खरं तर शांघायकडचं, पण मुंबईत एकाच मेन्यूवर येतं. त्यात सूप ओतलेलं नसतं. हाडं-कातडं उकळून घट्ट केलेली जेली सारणात मिसळतात आणि वाफेवर ती वितळते. म्हणूनच शाकाहारी सूप डंपलिंग जमवणं अवघड असतं, आणि बऱ्याचदा त्यात घोटभरही रस नसतो.

वॉनटन, तव्यावर एका बाजूने भाजलेले पॉटस्टिकर आणि स्प्रिंग रोल ओळखीचेच आहेत. कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात पोटभरीचा. पान खायचं नसतं. मुळ्याचा केक दिसला तर जरूर मागवा: तांदळाचं पीठ आणि किसलेला मुळा वाफवून, वड्या कापून तव्यावर खरपूस केलेल्या असतात. कोथिंबीर वडी आवडणाऱ्या माणसाला तो परका वाटणार नाही. मात्र त्यात पारंपरिक पद्धतीने सोडे आणि चिनी सॉसेज असतं.

क्रीम चीज, ट्रफल तेल (ट्रफल या अळंबीच्या वासाचं), एडामामे (हिरवं सोयाबीन) असले प्रकार हल्ली सगळीकडे आहेत. आवडत असतील तर खा, पण त्यावरून त्या जागेची पारख करू नका. ट्रफल तेलाचा वास बाकी सगळ्यावर मात करतो.

शाकाहारी, जैन, ॲलर्जी असलेले

इथे नुसतं "व्हेज आहे ना?" विचारून भागत नाही. मशरूमच्या सारणात ऑयस्टर सॉस असू शकतो, आणि तो शिंपल्यांपासून बनतो. चिकन शुमाईत कोलंबी बऱ्याचदा असते, मेन्यूवर लिहिलेली नसली तरी. पिवळ्या पारीत अंडं असू शकतं. व्हेज सारणातही चिकन पावडर पडलेली असू शकते. म्हणून वेटरला तीन नेमके प्रश्न विचारा: यात ऑयस्टर सॉस आहे का, पारीत अंडं आहे का, आणि व्हेजच्या बास्केट वेगळ्या स्टीमरवर चढतात का. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण एकावर एक रचलेल्या थरात खालच्या बास्केटची वाफ वरच्यातून जाते आणि वरचा रस खाली ठिबकतो. श्रावण पाळणाऱ्या किंवा मंगळवार-गुरुवार न खाणाऱ्या माणसाला हे आधी कळलेलं बरं. वेटरला माहीत नसेल तर "किचन में पूछ के बताओ" म्हणायला संकोच करू नका. गर्दीच्या वेळी टेबलावर घाईने दिलेल्या "हो, हो" वर विसंबू नका.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी छोट्या जागी निवड कमी, कारण सारण सकाळीच तयार होतं. ऐनवेळी लसूण काढता येत नाही. फोनवरच विचारलेलं बरं.

हार गावची पारी तांदळाची दिसते, म्हणून गव्हाचं पथ्य असलेली माणसं ती खातात. ते धोक्याचं आहे. स्टार्च गव्हाचाच असतो आणि त्यात ग्लुटेनचा अंश राहतो. च्याँग फन तांदळाचा, पण त्यावरच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. आणि मेन्यूवर वॉटर चेस्टनट लिहिलेलं असलं तरी तो आपला शिंगाडा नव्हे. वेगळ्या वनस्पतीचा कंद आहे, शिजल्यावरही कुरकुरीत राहतो. कंद न खाणाऱ्या जैनांनी हे लक्षात घ्यावं.

किती आणि कोणत्या क्रमाने

एका बास्केटमध्ये बहुधा तीन किंवा चार तुकडे येतात, काही ठिकाणी सहा. आधी हा आकडा विचारा, मग किंमत बघा. बास्केटच्या किमतीपेक्षा तुकड्याची किंमत खरी. तिघं असाल तर चार तुकड्यांच्या बास्केटमध्ये दर वेळी एक तुकडा उरतो आणि तो आग्रहात गार होतो. अशा वेळी तीन किंवा सहावाले प्रकार निवडा.

डिमसमवरच जेवायचं असेल तर माणशी अडीच-तीन बास्केट पुरतात, चांगली भूक असेल तर चार. पुढे भात-नूडल्स घ्यायचे असतील तर माणशी दीड-दोन.

आता क्रम. इथेच सगळ्यात जास्त जेवणं बिघडतात. आपण दहा गोष्टी एका दमात सांगतो, ऑर्डरची चिठ्ठी (केओटी) एकदम किचनमध्ये जाते आणि दहाही गोष्टी एकदम येतात. सोबत फ्राइड राइसही. दोन बास्केट खाईपर्यंत बाकीच्या मेलेल्या असतात. उपाय साधा आहे: ऑर्डर तुकड्यातुकड्याने द्या. वेटरला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, "दादा, दोन-दोन बास्केट आणा, या संपल्या की पुढच्या सांगतो. राइस शेवटी." गर्दीच्या दिवशी त्याला वाटेल तुम्ही टेबल अडवून बसणार, तेव्हा एकूण किती घेणार आहात तेही सांगून टाका. म्हणजे तोही निश्चिंत.

शिजायला लागणारा वेळ माहीत असला की आखणी सोपी होते. हार गाव पाच-सहा मिनिटं, शुमाई सात-आठ, बाव दहा-बारा, पानातला भात वीसेक. म्हणून भात हवा असेल तर तो पहिल्याच फेरीत सांगायचा आणि शेवटी आणायला सांगायचा.

चौघांची, मिश्र खाणाऱ्यांची एक चांगली ऑर्डर अशी होते. पहिल्या फेरीत हार गाव आणि एखादं व्हेज क्रिस्टल डंपलिंग (हार गावसारख्याच पारदर्शक पारीचं). दुसरीत शुमाई दोन बास्केट आणि च्याँग फन एक. तिसरीत बाव आणि सूप डंपलिंग. चौथीत मुळ्याचा केक, पॉटस्टिकर, आणि पहिल्याच फेरीत सांगून ठेवला असेल तर पानातला भात. सौम्य आणि वाफवलेलं आधी, तळलेलं आणि तिखट नंतर. उलट केलं तर लसूण-मिरचीनंतर कोलंबीची गोडी जिभेला लागत नाही. बास्केट चार तुकड्यांच्या असतील तर भांडण नाही.

खाताना

चॉपस्टिकचा अट्टहास नको. चमचा आणि हात चालतो. पण वापरायच्या असतील तर खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून पूर्ण स्थिर ठेवा. वरची अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने हलवा. काड्या वरच्या तिसऱ्या भागात धरा, टोकं समान लांबीवर. बहुतेकांचं चुकतं ते दाबण्यात. बुळबुळीत हार गाव चिमटलं की निसटतं किंवा फाटतं. आधी काडीने बाजूने हळूच ढकलून ते कागदापासून सुटं करा, मग दोन्ही काड्या तळाशी समांतर सरकवून उचला आणि खाली चमचा धरा. टोचून उचलू नका, रस गळून जातो. भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नका. चिनी घरांत ते मृतांसाठी करतात.

सूप डंपलिंगला घाई करू नये. बास्केट आल्यावर मिनिटभर थांबा. वरच्या गाठीला धरून चमच्यात उतरवा, बाजूला छोटा चावा घेऊन वाफ जाऊ द्या, रस ओढा, मग आल्याचे दोन धागे आणि काळ्या व्हिनेगरचे थेंब टाकून उरलेलं एका घासात. अख्खं तोंडात टाकलं तर टाळू भाजतोच. लहान मुलाला द्यायचं असेल तर चमच्यातच फोडून गार करून द्या. अगदी गार होईपर्यंत थांबलात तर पारी कागदाला चिकटून तळ फाटेल, आणि सूप बास्केटमधून टेबलावर.

बावखालचा कागद सोलून काढा. चिकट भात वयस्कर माणसांना छोट्या घासांत द्या.

आता सॉस. मुंबईत टेबलावर शेजवान चटणी, सोया आणि मिरच्या घातलेलं पांढरं व्हिनेगर ठेवलेलं असतं. ही नूडल्सबरोबरची मंडळी आहेत. प्रत्येक प्रकाराचा पहिला तुकडा कोरा खा. मग हार गावला फक्त चिली ऑइलचा थेंब. शुमाईला थोडं सोया, तेही तळ टेकवून. सारणात मीठ असतंच, त्यात सोया भरपूर लागलं की फक्त खारट उरतं. पॉटस्टिकरला आंबट हवं, तिथे व्हिनेगर शोभतं. काळं व्हिनेगर आहे का ते विचारा, काउंटरवर असून टेबलावर ठेवलेलं नसतं. सॉस बास्केटमध्ये ओतू नका. बांबू तो शोषतो आणि कागद भिजून सगळं चिकटतं.

चहा हा या जेवणाचा निम्मा भाग आहे. जास्मिन बहुतेक ठिकाणी मिळतो, ऊलाँग काही ठिकाणी. पु-अर हा मुरवलेला गडद चहा मिळालाच तर तो घ्या, तुपकट सारणानंतर तोंड साफ करतो. दूध-साखर नाही. दोन-तीन मिनिटं मुरू द्या, आधी इतरांच्या कपात ओता, मग स्वतःच्या. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, ही हाँगकाँगची खूण. इथे वेटरला ती माहीत असेलच असं नाही, तेव्हा "गरम पानी डाल दो" सांगा. एकाच पत्तीत दोन-तीनदा पाणी चालतं. कुणी तुमच्या कपात चहा ओतला की बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानतात.

या चालीरीतींचा मुंबईशी जुना संबंध आहे. माझगावचं सी यूप कून हे १९१९ मधलं चिनी देऊळ ग्वांगडोंगमधूनच आलेल्या लोकांचं. कामाठीपुऱ्याजवळच्या शुक्लाजी स्ट्रीटवर एके काळी चिनी वस्ती होती. १९६२ च्या युद्धानंतर ती ओसरत गेली.

बिघडलेली बास्केट परत कधी करायची

पारी फुटून सारण बाहेर आलंय: जास्त वाफवली. कडा कडक, पांढरट आणि पिठूळ: कमी वाफवली किंवा आधी सुकली. अशी कमी वाफवलेली बास्केट "दो मिनट और स्टीम करो" म्हणून परत द्या, बहुधा सुधारते. मध्यभाग गार लागला किंवा कोलंबी राखाडी, काचेसारखी दिसली तर ती कच्ची आहे. ती खाऊच नका, नवी मागा. शिजलेली कोलंबी पांढरी-गुलाबी आणि अपारदर्शक असते. तक्रार पहिल्या तुकड्यालाच करा, तीन खाऊन चौथ्याला नव्हे, आणि काय चुकलंय ते नेमकं सांगा.

बिलात जीएसटी ५ टक्के असतो. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावू नये असं स्पष्ट केलंय. नको असेल तर काढायला सांगा, आणि ज्याने दोन-दोन बास्केट मनापासून आणल्या त्याच्या हातात टीप द्या.

पार्सल

सूप डंपलिंग आणि च्याँग फन पार्सल घेऊ नका. तळलेले वॉनटनही पावसाळ्यात डब्यात दहा मिनिटांत नरम पडतात. हार गाव, शुमाई आणि बाव नेता येतात, पण एकावर एक न रचता, डब्याचं झाकण किंचित उघडं ठेवून, सॉस वेगळा. बांद्र्याहून डोंबिवली गाठायची असेल तर "न शिजवलेले फ्रोझन मिळतील का?" असं विचारून पाहा. शिजवलेली कोलंबी मुंबईच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

घरी मायक्रोवेव्ह नको, स्टार्चची पारी रबरासारखी होते. इडलीपात्र काढा. तळाशी दोन बोटं पाणी आधी खळखळ उकळू द्या, ताटलीवर तेल लावलेलं केळीचं पान किंवा कोबीचं पान अंथरा, तुकडे एकमेकांना न चिकटवता ठेवा. झाकणाला सुती फडकं बांधा, नाहीतर पाणी टपकून बाव ओले होतील. शिजवलेलं पार्सल गरम करायला हार गावला तीन-चार मिनिटं, शुमाईला पाच, बावला सहा ते आठ. फ्रिजमधून काढलेलं असेल तर प्रत्येकी दोन मिनिटं जास्त. उरलेले पॉटस्टिकर तव्यावर: तेलाचे काही थेंब, दोन चमचे पाणी, झाकण, पाणी आटलं की झाकण काढून तळ पुन्हा कुरकुरीत होईपर्यंत ठेवा.